तिहेरी उडीची मधली ढांग कशी बसवावी: टेडी तामगोच्या कारकिर्दीच्या आधाराने

१८ ऑगस्ट २०१३ रोजी मॉस्कोत फ्रान्सच्या टेडी तामगोने सहाव्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात १८.०४ मीटर उडी मारली आणि जागतिक विजेतेपद मिळवलं. वाऱ्याच्या नियमात बसणारी (म्हणजे पाठीमागचा वारा ठरलेल्या मर्यादेत असताना मारलेली) १८ मीटरपलीकडची उडी त्याआधी फक्त ब्रिटनचा जोनाथन एडवर्ड्स आणि अमेरिकेचा केनी हॅरिसन यांना साधली होती. बंदिस्त स्टेडियममधला जागतिक विक्रमही तामगोने एकाहून अधिक वेळा केला: २०१० मध्ये दोह्यात १७.९० आणि पुढे २०११ मध्ये पॅरिसमध्ये १७.९२. पुढे तो प्रशिक्षक झाला आणि २०२१ मध्ये त्याच्या शिष्याने, बुर्किना फासोच्या ह्यूग फॅब्रिस झांगोने, बंदिस्त स्टेडियममध्ये १८.०७ मीटरचा नवा विक्रम केला. ऑलिम्पिक पदक मात्र तामगोच्या नावावर नाही. वेग, ताकद, तंत्र सगळं असूनही घोटा, नडगी आणि टाचेमागची शीर यांनी त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. म्हणून शिकणाऱ्याने त्याच्याकडून दोन्ही गोष्टी घ्याव्यात, उडीही आणि जपणंही.

उडीचा क्रम सोपा आहे. हॉप म्हणजे आपली लंगडी: ज्या पायाने पट्टीवरून (धाव संपते तिथल्या, उडी सुरू करण्याच्या फळीवरून) उडालात, त्याच पायावर उतरायचं. मग स्टेप, म्हणजे दुसऱ्या पायावर लांब ढांग. शेवटी त्या पायाने उडी मारून वाळूत. डावा, डावा, उजवा, वाळू, किंवा उलट. बहुतेकांना बलवान पाय पहिल्या दोन टेकण्यांसाठी बरा पडतो, कारण त्याच पायावर सर्वांत मोठा भार येतो. हॉपनंतर जमिनीवर आदळताना हा भार शरीराच्या वजनाच्या दहापटीहून अधिक होऊ शकतो.

नवशिक्याची उडी फसते ती जवळजवळ नेहमी मधल्या ढांगेत. हॉप उंच आणि लांब जातो, पाहणारे वाहवा करतात, पण उंचावरून उतरताना गुडघा दबतो, वेग मरतो आणि स्टेप जेमतेम अडीच मीटरची पडते. तिसऱ्या उडीसाठी मग काही उरतच नाही. एकूण अंतराची वाटणी सुरुवातीला साधारण ३५, ३० आणि ३५ टक्के ठेवा. १० मीटरचं लक्ष्य असेल तर ३.५०, ३.०० आणि ३.५० मीटर. एडवर्ड्सच्या १८.२९ मीटरच्या विश्वविक्रमात हॉप ६.०५, स्टेप ५.२२ आणि शेवटची उडी ७.०२ मीटर होती. पहिल्या टप्प्यात सगळं खर्च न केल्यानेच ते शेवटचे सात मीटर निघाले.

सराव गवतावर किंवा सिंथेटिक ट्रॅकवर करा, सिमेंटवर कधीच नको. चार पावलांच्या धावेपासून सुरू करा, लय बसली की सहा, मग दहा. ठरवलेल्या अंतरांवर खडूच्या रेघा ओढा. पट्टीवरून वर नाही, पुढे धावत निघा. हवेत हॉपच्या पायाची टाच कुल्ल्याखालून आणून मांडी पुढे उचला आणि पाऊल कमरेच्या किंचित पुढे, सपाट, मागे खेचत टेकवा. चवड्यावर उतरलात तर पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. टाच फार पुढे रोवलीत तर ब्रेक लागतो. ढांगेत पुढची मांडी जमिनीला समांतर धरून थोडं थांबायचं, पाय घाईने खाली सोडायचा नाही. इथे संयम लागतो आणि तो हळूहळूच येतो.

चूक डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळते. पट्टी, हॉप आणि स्टेप हे पावलांचे तीन आवाज सारख्या अंतराने यायला हवेत. ‘ठप… ठप, ठप’ असं ऐकू आलं की स्टेप आखूड पडली. अशा वेळी धाव वाढवू नका. दोन पावलं कमी करून हॉप बुटका करा.

पट्टीचं अंतर आपल्या ताकदीला शोभेल असं निवडा. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांत पट्टी वाळूपासून १३ मीटरवर असते, महिलांच्या ११ मीटरवर. एकूण ११ मीटर मारणारा १३ मीटरच्या पट्टीवरून उडाला तर ट्रॅकवरच आपटेल. त्याला ९ मीटर योग्य. हॉप आणि स्टेप मिळून पट्टीच्या अंतराच्या आत बसायला हवेत आणि एकूण उडी वाळूत चांगली आत पडायला हवी.

आता जपण्याविषयी. २०११ मध्ये तामगोचा घोटा मोडला आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा व २०१२ चं लंडन ऑलिम्पिक हातचं गेलं. मॉस्कोनंतर काही महिन्यांतच सरावात नडगीचं हाड मोडलं आणि २०१५ मध्ये टाचेमागची शीर तुटली. उड्यांच्या सरावात पावलं मोजायची सवय म्हणूनच लावा: सुरुवातीला एका सत्रात ६० ते ८० टेकणी, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस मोकळे. एका पायावर पोटरी उचलण्याचे १५-१५ चे तीन फेरे सांभाळता येत नसतील, तर पूर्ण धावेची उडी अजून दूर ठेवा. नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागी वेदना असेल, तर उड्या त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. हाडाला चीर पडण्याची ती खूण असू शकते.

उत्तेजक चाचणीच्या यादीत नाव आलेल्या खेळाडूंनी आणखी एक गोष्ट पाळावी. उत्तेजक चाचण्या तीनदा चुकल्याने २०१४ मध्ये तामगोवर वर्षभराची बंदी आली. रोज आपण कुठे आहोत आणि कोणत्या एका तासात हमखास सापडू, हे आधी कळवावं लागतं. सध्याच्या नियमाप्रमाणे १२ महिन्यांत तीन चुका झाल्या की कारवाई होते. मुक्काम बदलला तर सामान बांधण्याआधी नवा पत्ता भरा, आणि पहाटेचा तास निवडलात तर दाराची घंटा चालते का तेही बघा.