ऑक्टाव्हिया आरएसची ऑइल गळती: पॅकिंग मागवायच्या आधी ब्रीदर बघा

मागच्या वेळी मी टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग टाकलं, चेन टेन्शनरचं (चेन ताणून धरणाऱ्या भागाचं) पॅकिंग टाकलं, त्याच्या शेजारचं अर्धचंद्र रबर टाकलं, सगळे नट टॉर्क रेंचने मापून आवळले, आणि बरोबर तीन आठवड्यांनी खंबाटकीच्या चढाला जळक्या ऑइलचा वास एसीतून आत यायला लागला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर नव्याकोऱ्या पॅकिंगच्या कडेनेच ऑइल ओघळून मागे टर्बोच्या बाजूला गेलेलं. दोन शनिवार-रविवार आणि पार्टचे सगळे पैसे पाण्यात, कारण ब्रीदर, म्हणजे इंजिनात कोंडणारा गॅस बाहेर काढणारं होजचं जाळं, मी उघडून बघितलाच नव्हता. पहिल्या पिढीची १.८ टर्बो स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (किंवा तेच २० व्हॉल्व्हचं इंजिन असलेलं काहीही) ज्यांच्याकडे आहे आणि खाली डाग पडायला लागलेत, त्यांच्यासाठी ही यादी. एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ब्रीदर लक्षात ठेवा.

सुरुवात जागेपासून. सपाट फरशी, दोन चांगले स्टँड, चाकांना अडण्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, यावर चर्चाच नको. काम पावसाच्या आधी उरका, कारण ओल्या रस्त्याचं पाणी खालून उडून सगळे माग धुऊन टाकतं आणि मग ऑइल कुठून आलं ते कळत नाही. शिवाय गाडीशिवाय निदान चार दिवस काढता येतील असं बघा. सोमवारी ऑफिसला हीच गाडी न्यायचीय असं असेल तर रविवारी रात्री घाई होते आणि घाईत या इंजिनात व्हॉल्व्ह वाकतात, ते खाली सांगतो.

गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का ते आधी ठरवा. खाली रात्रभर पांढरा पुठ्ठा टाका. पॉवर स्टिअरिंगचं हिरवट असतं, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइल तपकिरी-काळं. पाच मिनिटांचं काम आहे पण लोक करत नाहीत.

मग धुणं. डीग्रीझर, ब्रश, जुनी फडकी. अल्टरनेटर आणि कॉइलवर पिशवी बांधा, प्रेशर वॉशर जवळून मारू नका. वाळलं की संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा आणि वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा, पांढऱ्यावर ऑइलची रेघ लगेच दिसते. अल्ट्राव्हायोलेट डाय आणि टॉर्च मिळाली तर उत्तमच, पण पावडरनेही भागतं. सगळ्यात खालचा थेंब बघून काही ठरवू नका, सगळ्यात वरची ओली जागा शोधा, कारण ऑइल खाली येतं आणि वाऱ्याने मागेही जातं.

आता हातमोजा. हे मी मागच्या वेळी केलं असतं तर वर लिहिलेलं काहीच घडलं नसतं. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा घट्ट बसवा. मोजा थोडा आत ओढला गेला तर ठीक. फुग्यासारखा टरारून वर आला तर आत दाब कोंडलाय, आणि तो दाब असेपर्यंत तुम्ही जगातलं सगळ्यात महागडं पॅकिंग टाका, ते गळणार म्हणजे गळणारच. सील खराब म्हणून दाब येत नसतो, दाब आल्यामुळे सील हार मानतं.

असं का होतं तेही सांगतो, कारण नुसतं ‘ब्रीदर बदला’ म्हटलं की लोक एक पाइप बदलतात आणि सोडून देतात. पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा गॅस खाली जातोच, टर्बो गाडीत जास्त जातो. तो बाहेर काढायला या इंजिनात होजचं एक जाळंच आहे. एक होज टॅपेट कव्हरवरून येते, दुसरी ऑइल फिल्टरच्या हाउसिंगवरून, दोन्ही एकत्र होतात, तिथून एक वाट टर्बोच्या आधीच्या इनलेट पाइपला आणि एक फाटा वन-वे व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरना हवा वाटणारा भाग). आयडलला मॅनिफोल्ड ओढून घेतो, बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) आला की वन-वे बंद होतो आणि टर्बोची इनलेट ओढते. यातली होज चोंदली की गॅस कोंडतो. आणि तो वन-वे मेला तर त्याहून वाईट, टर्बोने बनवलेला बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) शिरतो, म्हणजे तुम्ही ॲक्सिलरेटर दाबाल तेव्हा प्रत्येक वेळी सगळी सीलं आतून ढकलली जातात. म्हणूनच माझी गाडी गल्लीत गळत नव्हती, घाटात गळत होती. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

माझ्या गाडीत मॅनिफोल्डखालचा होजचा तुकडा बोटाने दाबला तर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा तुटून हातात आला. आतलं भोक पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच उरलेलं, बाकी काळा चिकट गाळ. वरून बघितलं तर ती होज दिसतही नाही, मॅनिफोल्ड आडवा येतो, म्हणूनच ती राहून जाते. आरसा आणि टॉर्च घ्या, हात घाला, दाबून बघा. वन-वे काढून तोंडाने फुंका, एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. दोन्हीकडून जातेय, किंवा कुठूनच जात नाही, दोन्ही वेळा तो फेकायचाच. गोल डबीसारखा प्रेशर रेग्युलेटर असतो त्याचा पडदा फाटलाय का बघा. आणि हे सगळं पॅकिंगची ऑर्डर द्यायच्या आधी करा, नंतर नाही.

मागवायची यादी: ब्रीदरच्या सगळ्या होज, वन-वे, रेग्युलेटर, सगळे क्लॅम्प. हे सगळ्यात वर लिहा. मग टॅपेट कव्हरचं पॅकिंग (बाहेरचं आणि प्लगांच्या विहिरींभोवतीचं, दोन्ही), टेन्शनरचं पॅकिंग आणि अर्धचंद्र, चांगलं आरटीव्ही (ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंट), ड्रेन नट आणि वॉशर, फिल्टर, ५डब्ल्यू-४० ऑइल ज्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० (फोक्सवॅगनचं ऑइलचं मानक) लिहिलेलं आहे, साडेचार लिटरच्या आसपास लागतं, पाच घ्या. डिपस्टिकचं नारिंगी प्लास्टिकचं नरसाळं पण घ्या, ते हात लागला की तुटतं आणि तुकडे नळीत पडतात. होजच्या बाबतीत एक कळकळीने सांगतो, नाना पेठेत किंवा कुर्ल्याला जाऊन रेडिएटरची होज कापून आणू नका. पाण्याची होज ऑइलने फुगते, मऊ पडते आणि मॅनिफोल्डच्या ओढीने आतल्या आत चिकटते, म्हणजे परत तोच कोंडमारा. ऑइलला टिकणारीच घ्या, शक्यतो आकाराची ओरिजिनल, कारण वळणावर सरळ होज दुमडते. ओरिजिनल यायला वेळ लागतो, लागू दे.

गॅरेजला जाणार असाल तर हे ऐका. दोन्ही कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट) जोडणारी चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे सीटवर बसल्यावर डाव्या हाताला. टेन्शनरचं पॅकिंग गेलं की ऑइल हेडच्या टोकावरून ओघळून बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावरचं आवरण) येतं आणि खालून बघणारा बिनधास्त सांगतो, मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मला एका गॅरेजने हेच सांगितलं होतं, खर्चाचा आकडा पण दिला होता. वर टॉर्च मारून अर्धचंद्राच्या खाली बोट फिरवा. तिथे ओलं असेल तर गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. टर्बोची ऑइल रिटर्न लाइन आणि फिल्टर हाउसिंगचं पॅकिंग पण एकदा बघून घ्या.

टॅपेट कव्हर सोपं आहे. कॉइल काढा, विहिरीत ऑइल असेल तर आधी टिपून घ्या मग प्लग काढा. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, कोरडे, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचे, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. आरटीव्ही फक्त कोपऱ्यांवर, जिथे अर्धचंद्र आणि बेअरिंग कॅपचे सांधे येतात तिथे मुगाएवढा थेंब. पूर्ण पॅकिंगला फासायचं नाही, तो जास्तीचा आत पडतो आणि चेंबरच्या (खालच्या ऑइलच्या टबच्या) जाळीत जाऊन बसतो. नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, १० न्यूटन मीटर. अजून थोडं आवळावंसं वाटतं, नका आवळू.

टेन्शनर मात्र सोपा नाही. पुस्तकी पद्धतीत टायमिंग बेल्ट काढावा लागतो, मग बेल्ट, टेन्शनर रोलर आणि वॉटर पंप त्याच वेळी नवीन टाका. टेन्शनर दाबून धरायचं हत्यार आणा, तारेने बांधून भागवू नका. दोन्ही कॅमच्या खाचांमध्ये चेनचे १६ रोलर यायला हवेत, १५ नाही १७ नाही, उघडायच्या आधी रंगाने खूण करा, फोटो काढा, बसवल्यावर मोठ्याने मोजा. कॅम काढले असतील तर परत बसवल्यावर हायड्रॉलिक टॅपेट बसायला निदान अर्धा तास द्या, मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा, कुठे अडलं तर थांबा. लगेच चावी मारली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो. ज्याला हे आधी कुणी करताना बघितलेलं नाही त्याने हा भाग जाणकाराकडून करून घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

आणि हे झाकायच्या आधी ब्रीदर जोडला का? सगळे क्लॅम्प आवळले का? मॅनिफोल्डखालचा पण? नंतर हात जात नाही.

बाकी पटकन. चेंबर उतरवलंच तर जाळी बघा. ड्रेन नट ३० न्यूटन मीटर. ऑइल भरा, सुरू करा, ऑइलचा लाल दिवा विझला का बघा, दहा मिनिटं आयडल, खालून टॉर्च. जुनं ऑइल गटारात नाही, डब्यात भरून गॅरेजला द्या. हातमोजा परत लावा. सगळा ब्रीदर नवा असूनही फुगला तर प्रश्न रिंगांचा आहे, लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघायची) करून घ्या, आणखी पॅकिंग विकत घेऊ नका. ५०० किलोमीटर झाले की, त्यात एक तरी घाट असू दे, खालचं गार्ड काढून एकदा बघा, आणि हातमोजा अजून एकदा लावा.