बटन सेलवर चालणारं डिजिटल घड्याळ: मायक्रोकंट्रोलरला झोपवायचं कसं

सीआर२०३२ या बटन सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला की कळतं, एका सेलवर वर्ष काढायचं असेल तर सरासरी २५ मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह खर्चता येणार नाही. एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप (एकाच चिपमधला छोटा संगणक) ३ व्होल्टवर, १ मेगाहर्ट्झने नुसती जागी राहिली तरी अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास खाते. म्हणजे पडदा एकदाही न लावता अठरा-वीस दिवसांत सेल संपतो. घड्याळाने दिवसाचा जवळजवळ सगळा वेळ झोपूनच काढायला हवा, आणि झोपेतही वेळ चुकता कामा नये.

इथे घेतलेलं मनगटी घड्याळ चार अंकी लाल एलईडीचं आहे. बटण दाबलं की तीन सेकंद वेळ दिसते, एरवी पडदा काळा. हॅमिल्टनचं पल्सर हे पहिलं इलेक्ट्रॉनिक डिजिटल मनगटी घड्याळ १९७२ साली २,१०० डॉलरला विकायला आलं, तेव्हा त्यातही हीच सोय होती. एलईडी सतत पेटता ठेवणं बॅटरीला तेव्हाही परवडत नव्हतं आणि आजही परवडत नाही.

आधी झोपेचा प्रकार निवडा

या चिपला झोपेचे सहा प्रकार आहेत. आपल्याला त्यातले दोनच लागतात: पडदा बंद असताना पॉवर-सेव्ह आणि पडदा चालू असताना आयडल.

बरेच जण पहिल्यांदा पॉवर-डाउन निवडतात, कारण डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) सगळ्यात छोटा आकडा त्याच्यासमोर दिसतो: ०.१ मायक्रोअँपिअर. पण त्या झोपेत टायमर२, म्हणजे चिपमधला वेळ मोजणारा गणक, थांबतो आणि त्याच्यासोबत घड्याळही. मग वेळ मोजायला वॉचडॉग टायमर, म्हणजे अडकलेल्या चिपला रीसेट करणारा वेगळा गणक, जोडला जातो, आणि इथेच घोळ होतो. वॉचडॉगचा स्वतःचा ऑसिलेटर (ठोके देणारं सर्किट) सुमारे १२८ किलोहर्ट्झचा आहे आणि तापमान व व्होल्टेज बदललं की तो काही टक्क्यांनी सरकतो. एक टक्का सरकला तरी दिवसाला १४ मिनिटांहून जास्त फरक पडतो. शिवाय वॉचडॉग चालू असलेली पॉवर-डाउन ३ व्होल्टला ४ मायक्रोअँपिअरच्या वर जाते. ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलसकट पॉवर-सेव्ह मात्र १ मायक्रोअँपिअरच्या आसपास राहते. ‘जास्त गाढ’ वाटणारी झोप घड्याळासाठी महागही पडते आणि वेळही चुकवते.

सामान

एटीमेगा३२८पी, २८ पिनांची. नावातला शेवटचा ‘पी’ तपासूनच घ्या. साध्या ३२८ मध्ये झोपेपुरता ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज फार घसरलं की चिप रीसेट करणारा पहारा) बंद करायची सोय नाही. ३२.७६८ किलोहर्ट्झचं क्रिस्टल, शक्यतो ६ ते ९ पिकोफॅरड लोडचं. कॉमन कॅथोड (प्रत्येक अंकातल्या सगळ्या रेघांची, म्हणजे सेगमेंटची, मायनस बाजू एकत्र असलेला) चार अंकी डिस्प्ले, हाय-एफिशिअन्सी लाल. २२० ओहमचे चार रेझिस्टर, १० किलोओहमचा एक, ४७० किलोओहमचा एक. १०० नॅनोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड, दोन्ही सिरॅमिक. १० मायक्रोफॅरडच्या जागी इलेक्ट्रोलिटिक लावू नका, त्याची गळतीच कधीकधी झोपलेल्या चिपइतकी असते. एक पुश बटण, सेल होल्डर आणि आयएसपी प्रोग्रॅमर (चिपमध्ये प्रोग्राम भरायचं साधन).

ही जुळणी आधी ब्रेडबोर्डवर नुसत्या चिपने करा. आर्डुइनो उनोच्या बोर्डवर झोपेचं माप घेण्यात अर्थ नाही: व्होल्टेज रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि पॉवरचा दिवा मिळून मिलिअँपिअरमध्ये प्रवाह घेतात, त्यात आपला एक मायक्रोअँपिअर दिसणारच नाही.

पायरी १: जोडणी

७ आणि २० या पिना प्लसला, ८ आणि २२ मायनसला. एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) वापरायचा नसला तरी २० नंबर सुटी ठेवायची नाही. १ नंबरच्या रीसेट पिनेवरून १० किलोओहम प्लसला. क्रिस्टल ९ आणि १० या पिनांना, तारा शक्य तितक्या आखूड. या पिनांना आतूनच कपॅसिटन्स आहे, त्यामुळे ६ पिकोफॅरडच्या क्रिस्टलला बाहेरचे कपॅसिटर सहसा लागत नाहीत. १२.५ पिकोफॅरडचं असेल तर घड्याळ थोडं पुढे पळेल. त्यावरचा उपाय शेवटी दिला आहे.

सेगमेंटच्या आठ पिना (सात रेघा आणि टिंब) पोर्ट डीला. अंकांच्या चार पिना २२० ओहममधून पीसी० ते पीसी३ ला, म्हणजे चिपच्या २३ ते २६ नंबरना. बटण पीबी० आणि मायनस यांच्यामध्ये, आणि पीबी० वरून ४७० किलोओहम प्लसला. चिपच्या आतला पुल-अप (पिन प्लसला धरून ठेवणारा रेझिस्टर) बटणासाठी वापरू नका. तो २० ते ५० किलोओहमचा असतो. घड्याळ बॅगेत राहिलं आणि बटण दाबलेलं राहिलं, तर एकट्या त्या रेझिस्टरमधून ६० ते १५० मायक्रोअँपिअर वाहतात. ४७० किलोओहममधून जेमतेम सहा-साडेसहा.

पायरी २: फ्यूज

फ्यूज म्हणजे चिपच्या आतली, प्रोग्रामबाहेरची सेटिंग. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या चिपचा लो फ्यूज हेक्स (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ६२ असतो: आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, आठने भागलेला. आपल्याला हवा तो १ मेगाहर्ट्झ आयताच मिळतो, हात लावू नका. ८ मेगाहर्ट्झवर ही चिप साधारण २.४ व्होल्टच्या खाली भरवशाची नाही. १ मेगाहर्ट्झवर १.८ पर्यंत चालते, म्हणजे सेल शेवटपर्यंत वापरता येतो.

एक्स्टेंडेड फ्यूज हेक्स एफई करा, म्हणजे ब्राउन-आउटची मर्यादा १.८ व्होल्ट होते. सेल संपत आल्यावर चिपने भलतीच वेळ दाखवण्यापेक्षा सरळ रीसेट व्हावं यासाठी हा पहारा हवा. झोपेत तो बंद करणं प्रोग्रामचं काम.

आर्डुइनोचा बूटलोडर (पुढचे प्रोग्राम भरून घेणारा छोटा प्रोग्राम) भरलेली चिप विकत घेतली असेल तर तिचा लो फ्यूज १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी लावलेला असतो. ती या जुळणीत बसवली की प्रोग्रॅमरला उत्तरच देत नाही आणि चिप मेली असं वाटतं. मेलेली नसते. तिला १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल लावून फ्यूज बदला, मग इथे आणा.

पायरी ३: टायमर२ ला क्रिस्टलवर चढवा

हे क्रिस्टल सावकाश उठतं. पॉवर दिल्यावर किमान एक सेकंद थांबा. मग याच क्रमाने: टायमर२ चे इंटरप्ट (चिपला हाक मारणारे इशारे) बंद, एएसएसआर रजिस्टरमधला (रजिस्टर म्हणजे सेटिंगचा कप्पा) टायमरला क्रिस्टल जोडणारा एएस२ बिट चालू, मोजणी शून्य, प्रीस्केलर (ठोके भागणारा आकडा) १२८, एएसएसआरमधले ‘अपडेट बिझी’चे (लिहिलेलं अजून पोचलं नाही असं सांगणारे) सगळे बिट शून्य होईपर्यंत थांबा, इंटरप्टचे जुने फ्लॅग (खुणेचे बिट) पुसा, आणि शेवटी ओव्हरफ्लो इंटरप्ट चालू. एएस२ आधी आणि बाकीची रजिस्टरं नंतर, कारण तो बिट बदलताना त्यांतली मूल्यं बिघडू शकतात.

३२,७६८ भागिले १२८ म्हणजे २५६. टायमर आठ बिटांचा, म्हणून तो बरोबर सेकंदाला एकदा भरून वाहतो आणि चिपला उठवतो. प्रीस्केलर १०२४ केला तर दर आठ सेकंदांनी उठेल. तो मोह टाळलेला बरा. १ मेगाहर्ट्झवर सेकंदाला ३०० मायक्रोसेकंद जागं राहण्याचा सरासरी खर्च ०.१५ मायक्रोअँपिअर येतो. तो वाचवायला गेलात तर सेकंद दाखवताना टायमरची मोजणी वाचत बसावी लागते, आणि उठल्याउठल्या ती मोजणी चुकीची वाचली जाण्याची शक्यता असते.

पायरी ४: झोपण्याआधीची आवराआवर

एडीसी बंद करा, म्हणजे एडीसीएसआरए रजिस्टर शून्य. चालू राहिलेला एडीसी पॉवर-सेव्हमध्येही जागाच राहतो आणि शेकडो मायक्रोअँपिअर खातो. आर्डुइनोच्या वातावरणात प्रोग्राम लिहिला असेल तर तो सुरुवातीलाच आपोआप चालू केलेला असतो, म्हणून मुद्दाम बंद करावा लागतो. न वापरलेल्या पिना, म्हणजे पीबी१ ते पीबी५, पीसी४ आणि पीसी५, इनपुट ठेवून पुल-अप लावा. सेगमेंट आणि अंकांच्या सगळ्या पिना आउटपुट आणि लो.

पायरी ५: झोपवायचा क्रम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

टायमर२ चं इंटरप्ट देणारा भाग क्रिस्टलच्या ठोक्यावर चालतो. तो एक ठोका सुमारे ३०.५ मायक्रोसेकंदांचा. चिप उठली, सेकंद वाढवला आणि तो ठोका पुरा व्हायच्या आत पुन्हा झोपली, तर पुढचं इंटरप्ट येत नाही आणि घड्याळ गोठतं. १ मेगाहर्ट्झवर ही चूक क्वचित दिसते, ८ वर नेमाने. त्यामुळे टेबलावर तासभर नीट चाललेलं घड्याळ रात्रीतून कधीतरी थांबलेलं सापडतं. उपाय सोपा: झोपण्याआधी टायमर२ च्या ओसीआर२ए रजिस्टरमध्ये कोणतंही मूल्य लिहा आणि त्याचा ‘अपडेट बिझी’ बिट शून्य होईपर्यंत थांबा. तेवढ्यात ठोका पुरा झालेला असतो. हे थांबणं क्रिस्टलच्या वेगावर ठरतं, चिपच्या नाही. म्हणूनही १ मेगाहर्ट्झ स्वस्त, कारण ८ वर तेवढाच वेळ कितीतरी जास्त प्रवाहाने थांबावं लागतं.

त्यानंतर: सगळे इंटरप्ट बंद करा. बटणाचा फ्लॅग तपासा. बटण दाबलं गेलं असेल तर झोपू नका. नसेल तर पॉवर-सेव्ह निवडा, स्लीप इनेबल करा, ब्राउन-आउट बंद करण्याची सूचना द्या, इंटरप्ट चालू करा आणि लगेच स्लीपची सूचना द्या. शेवटच्या दोन सूचनांच्या मध्ये काहीही घालू नका. इंटरप्ट चालू केल्यानंतरची एक सूचना पूर्ण झाल्याशिवाय चिप इंटरप्ट घेत नाही, त्यामुळे तपासणी आणि झोप यांच्यामध्ये बटण दाबलं गेलं तरी ते हरवत नाही. ब्राउन-आउट बंद करण्याची मुभाही तीन क्लॉकपुरतीच टिकते. मध्ये एखादी ओळ शिरली की डिटेक्टर झोपेत चालू राहतो आणि प्रवाह २० मायक्रोअँपिअरच्या घरात जातो. उठल्यावर स्लीप इनेबलचा बिट काढून टाका.

पायरी ६: बटण आणि पडदा

बटणासाठी पिन-चेंज इंटरप्ट वापरा, तो क्लॉकशिवाय चालतो. इंटरप्टमध्ये फक्त फ्लॅग लावा आणि पिन-चेंज बंद करा, नाहीतर बटणाच्या थरथरीने चिप एका दाबात दहा वेळा उठेल. पडदा विझल्यावर जुना फ्लॅग पुसून तो पुन्हा चालू करा. पडद्याचे तीन सेकंद बटण दाबल्या क्षणापासून मोजा. ‘दाबलेलं आहे तोवर दाखव’ असं लिहिलं तर बॅगेतलं घड्याळ रात्रभर पेटून राहील.

पडदा चालू असताना टायमर० लागतो आणि तो पॉवर-सेव्हमध्ये थांबतो. म्हणून इथे आयडल. एका वेळी एकच सेगमेंट पेटवा. २८ सेगमेंट, प्रत्येकाला ३०० मायक्रोसेकंद, म्हणजे पूर्ण फेरी ८.४ मिलिसेकंदांची, डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. प्रत्येक सेगमेंटला ५ मिलिअँपिअर मिळतील असा पूर्ण ‘८’ एका वेळी पेटवला तर तीस-पस्तीस मिलिअँपिअरचा झटका बसतो, आणि जुन्या बटन सेलचा आतला रोध वाढलेला असल्याने व्होल्टेज बसून चिप रीसेट होते. एकेक सेगमेंटने हा झटका ५ मिलिअँपिअरवर राहतो. उजेड कमी पडतो, भर उन्हात हात आडवा धरावा लागेल. न पेटणाऱ्या सेगमेंटची पाळीही तेवढाच वेळ ठेवा, नाहीतर १:११ वाजता पडदा झगझगीत आणि १०:०८ ला मंद दिसेल.

दिवसाला २० वेळा पाहिलं तर ५ मिलिअँपिअर गुणिले ६० सेकंद, दिवसभरावर पसरून साडेतीन मायक्रोअँपिअर. झोपेचा एक आणि उठण्याचा ०.१५ मिळवून साधारण ४.६. कागदावर सेल पाच वर्षं पुरतो. म्हणजे झोप एकदा जमली की खरा खर्च पडद्याचा. तीनऐवजी दोन सेकंद दाखवलं तर जेवढं वाचतं, तेवढं प्रोग्राम घासून कधीच वाचत नाही.

पायरी ७: माप घ्या

मल्टिमीटरची मायक्रोअँपिअर रेंज थेट लावू नका. पडदा पेटताच तिच्यातल्या रोधामुळे चिप रीसेट होते. सेलच्या प्लसमध्ये १ किलोओहम घाला, त्याच्यावर जंपर लावा. दोन्ही कपॅसिटर चिपच्या बाजूला असू द्या. जंपर लावून घड्याळ सुरू करा, पडदा विझू द्या, जंपर काढा आणि रेझिस्टरवरचा व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये वाचा. जितके मिलिव्होल्ट तितके मायक्रोअँपिअर. माप घेताना प्रोग्रॅमर काढून ठेवा, त्याच्या तारांमधूनही चिपला वीज मिळते.

१ ते १.५ दिसलं तर झालं. ५ च्या आसपास असेल तर वॉचडॉग चालू राहिला. २० असेल तर ब्राउन-आउट. शेकड्यात गेलं तर एडीसी. अर्धा मिलिअँपिअर दिसला तर चिप झोपलेलीच नाही: बहुधा क्रिस्टल सुरू झालं नाही आणि प्रोग्राम ‘अपडेट बिझी’ची वाट पाहत अडकला आहे. आकडा २ ते १० मध्ये हेलकावत असेल तर बोर्ड पाहा. सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स पावसाळ्यात ओल धरतो, आणि १ मेगाओहमची गळतीसुद्धा ३ मायक्रोअँपिअर घेते, चिपच्या तिप्पट. कोकणातल्या दमट हवेत क्रिस्टलच्या दोन पिनांमधला असा थर क्रिस्टलच बंद पाडू शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने तेवढा भाग घासा, वाळवा आणि पुन्हा मोजा.

पायरी ८: वेळ जुळवा

सात दिवस घड्याळ चालू द्या आणि मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा. समजा ते १० सेकंद पुढे गेलं. सात दिवसांचे सेकंद ६,०४,८००. म्हणजे दर दहा लाख सेकंदांना १६.५ सेकंदांची चूक, १७ धरा. प्रोग्राममध्ये एक ३२ बिटांचा संचय ठेवा. दर सेकंदाला त्यात १७ मिळवा. तो दहा लाखांवर गेला की दहा लाख वजा करा आणि तो एक सेकंद मोजू नका. घड्याळ मागे पडत असेल तर त्या वेळी एक सेकंद जास्त मोजा.

ही जुळवणी घड्याळ मनगटावर ठेवूनच करा. क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सगळ्यात वेगात चालतं, आणि तिथून थंड किंवा गरम झालं की मागेच पडतं. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत टेबलावर ठेवलेलं घड्याळ दिवसाला सुमारे १.२ सेकंद मागे जाईल. हातावर अंगाच्या उबेने तापमान बरंचसं स्थिर राहतं, आणि काढलेला आकडा वर्षभर कामी येतो.