विकासात्मक विकारांच्या अभ्यासाची सुरुवात कशी करावी

मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात विकासात्मक विकारांचा पेपर आला की बहुतेक विद्यार्थी स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता) यांच्या लक्षणांच्या याद्या पाठ करू लागतात. याद्या लागतातच, पण प्रत्येक विकार आयुष्यभर रूप बदलत पुढे सरकतो, हे त्यांतून दिसत नाही. म्हणून टिपणे काढताना प्रत्येक विकारासाठी वहीचे एक पान वयाच्या क्रमाने आखावे. अर्भकावस्था, शाळेपूर्वीची वर्षे, शाळा, किशोरवय, प्रौढपण आणि वार्धक्य असे टप्पे घ्यावेत आणि पाठ्यपुस्तकात जी माहिती मिळेल ती योग्य टप्प्यापुढे लिहावी. थोड्याच दिवसांत लक्षात येईल की शालेय वयाच्या रकान्यात दाटी झाली आहे आणि प्रौढांचे रकाने जवळजवळ कोरे आहेत. हे कोरे रकाने भरणे हाच या अभ्यासाचा मोठा भाग आहे.

ही पद्धत का आवश्यक आहे, हे विल्यम्स सिंड्रोमच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. यात सातव्या गुणसूत्रावरील सुमारे २५ ते २८ जनुकांचा एक तुकडा नसतो. प्रौढपणी या व्यक्तींची भाषा तुलनेने चांगली असते आणि संख्यांची समज कच्ची असते. त्यावरून ‘भाषेचा कप्पा शाबूत, गणिताचा कप्पा बिघडलेला’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. विकासात्मक मानसशास्त्रज्ञ ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विल्यम्स सिंड्रोम आणि डाऊन सिंड्रोम (एकविसाव्या गुणसूत्राची एक जास्त प्रत असणे) असलेल्या बाळांची तुलना केली, तेव्हा चित्र वेगळेच निघाले. शब्दांच्या बाबतीत दोन्ही गटांतील बाळे सारखीच मागे होती आणि वस्तूंच्या संख्येतील फरक ओळखण्यात विल्यम्स सिंड्रोमची बाळे सरस होती. प्रौढांमध्ये दिसणारी बलस्थाने आणि उणिवा जन्मापासून तशाच असतात असे मानता येत नाही, हे या एका अभ्यासातून जितके पक्के कळते तितके दहा व्याख्यांमधूनही कळत नाही. माझ्या मते पहिल्याच आठवड्यात तो समजून घ्यावा.

निदानाच्या निकषांसाठी अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनची डीएसएम-५ ही २०१३ ची आवृत्ती, तिची २०२२ ची सुधारणा आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही वर्गीकरणे पाहावीत. निकष वाचताना मागील आवृत्तीपेक्षा काय बदलले, याकडे लक्ष द्यावे. डीएसएम-५ मध्ये अॅस्पर्जर सिंड्रोम (भाषा आणि बुद्धीत ठळक विलंब नसलेला स्वमग्नतेचा प्रकार) हे वेगळे निदान उरले नाही. ते स्वमग्नतेच्या वर्णपटात, म्हणजे सौम्य ते तीव्र अशा सर्व रूपांच्या एकाच निदानात, सामावले गेले. एडीएचडीची लक्षणे पूर्वी वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसणे आवश्यक होते, ती मर्यादा बारा वर्षांवर नेण्यात आली आणि १७ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या व्यक्तींसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी ठरली. बौद्धिक अक्षमतेची तीव्रता केवळ बुद्ध्यंकावरून न ठरवता दैनंदिन व्यवहारातील क्षमतेवरून ठरवावी, असा आग्रह आला. या बदलांमागची कारणे लिहिता आली, तर निकष वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

संशोधनाचे निबंध वाचताना पहिला प्रश्न एकच विचारावा: तुलना कोणाशी केली आहे? १९८५ मध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी सॅली आणि ॲन या बाहुल्यांचा प्रयोग केला. सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, ॲन ती काढून डब्यात ठेवते. परत आलेली सॅली गोटी कोठे शोधेल? सॅलीने बदल पाहिलेला नाही, म्हणून बरोबर उत्तर ‘टोपलीत’ असे आहे; दुसऱ्याची समजूत आपल्या माहितीपेक्षा वेगळी असू शकते, हे मुलाला कळते का, ते यातून तपासले जाते. स्वमग्न असलेल्या २० मुलांपैकी १६ मुलांनी चुकीचे उत्तर दिले. एवढ्यावरून काहीच सिद्ध झाले नसते. परंतु डाऊन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांचा गटही घेतला होता. त्यांचे मानसिक वय कमी असूनही बहुतेकांनी बरोबर उत्तर दिले. त्यामुळे ‘बुद्धी कमी म्हणून उत्तर चुकले’ हे स्पष्टीकरण बाद झाले. मग उरलेल्या चार मुलांना उत्तर कसे आले, हा प्रश्नही वहीत नोंदवावा. चांगल्या चर्चेची सुरुवात तेथूनच होते.

कारणमीमांसेत जनुक आणि परिस्थिती यांचा वाद घालत बसू नये. फेनिलकीटोन्यूरिया हा अन्नातील फेनिलॲलनिन या घटकाचे शरीरात नीट विघटन न होण्याचा आनुवंशिक विकार आहे आणि उपचाराविना तो गंभीर बौद्धिक अक्षमतेकडे नेतो. तरीही जन्मानंतर लगेच रक्ततपासणी करून विशिष्ट आहार सुरू केला, तर मुलाची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत राहू शकते.

प्रौढांचे कोरे रकाने भरण्यासाठी डाऊन सिंड्रोमपासून सुरुवात करणे सोपे जाते. अल्झायमरशी निगडित असलेल्या एका प्रथिनाचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच असते आणि डाऊन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्यामुळे चाळिशीपर्यंत मेंदूत अल्झायमरसदृश बदल दिसू लागतात. त्यानंतर नोकरी, लग्न, पालकांच्या पश्चात होणारी देखभाल या प्रश्नांकडे वळावे.

आपल्याकडील व्यवस्थेची माहिती वेगळ्या टिपणात ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतील मुलांची तपासणी होते आणि पुढील मदतीसाठी त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. शक्य असल्यास आपल्या जिल्ह्यातील केंद्र किंवा विशेष शाळा प्राध्यापकांमार्फत परवानगी घेऊन पाहावी. तेथे मुलाचे नाव, छायाचित्र किंवा घरची माहिती टिपू नये आणि पालकांनी विचारले तरी निदान सुचवू नये. ते काम भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचे आणि डॉक्टरांचे आहे. मूल काय करू शकत नाही याआधी ते कोणाच्या मदतीने आणि कोणत्या परिस्थितीत काय करू शकते, याची नोंद करावी आणि ती त्याच संध्याकाळी वहीतील योग्य रकान्यात उतरवावी.