नवी बोट पाण्यात उतरवायच्या आधी पेट्रोलची लाइन बघा
बेलापूरच्या खाडीत नवी बोट उतरवताय ना, मग आधी इंजिनचं झाकण उघडा आणि टाकीपासून पुढे अख्खा पाइप हाताने चाचपत जा, कंपनीतून आली म्हणजे सगळं नीटच असेल असं अजिबात धरू नका. ओळखीतल्या एकाच्या नव्याकोऱ्या बोटीत फिलरच्या, म्हणजे टाकीत पेट्रोल भरायच्या, जाड पाइपाला एकच क्लॅम्प (पाइप आवळून धरणारी पट्टी), तोही अगदी कडेला, बोटाने फिरत होता! तिथे दोन क्लॅम्प लागतातच. इनबोर्ड, म्हणजे इंजिन बोटीच्या आत बसवलेलं असेल, तर पाइपावर आयएसओ ७८४० (आगीला टिकणाऱ्या इंधन-पाइपाचं मानक) छापलंय का बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते, म्हणून प्रत्येक जॉइंट कोरड्या फडक्याने पुसा, फडक्याचा वास घ्या, वास आला तर झाकणं उघडीच ठेवा, एकही स्विच दाबू नका आणि डीलरला तिथेच बोलवा.