उलट्या-जुलाबांच्या रात्री मुलाला कसं सांभाळावं

हे साधारण एक ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर वाचत बसू नका. अंगावर पाजत राहा आणि डॉक्टरकडे न्या.

जुना टॉवेल, तसराळं, बदलायचे कपडे आणि पुरेसा उजेड जवळ ठेवा. उलटी होत असताना एक हात कपाळाला लावा, दुसऱ्याने पाठ चोळा. चूळ भरायला द्या, तोंड पुसा. चादर खराब झाल्याबद्दल चकार शब्द काढू नका. ओरडा बसला की मूल उलटी दाबून धरतं आणि आणखी घाबरतं.

आता जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. मोठी पुडी 1 लिटर पाण्यासाठी असते, छोटी 200 मिलीसाठी. पुडीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. मोठी पुडी एका पेल्यात कालवणारे लोक आहेत. त्याने रक्तातलं मीठ वाढतं आणि ते जुलाबांपेक्षा धोक्याचं ठरू शकतं. 'अर्धी पुडी अंदाजाने' हेही नको, सगळी पुडी एकदम कालवा. पाणी उकळून गार केलेलं हवं, कालवल्यावर पुन्हा उकळू नका, 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पात्याने वरचं काढून टाकलेलं. 'चिमूटभर' हे माप इथे चालत नाही, प्रत्येकाची चिमूट वेगळी. ग्लुकोजची पावडर म्हणजे ओआरएस नव्हे. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेयंही नव्हेत. नावात 'ओआरएस' घालून ती विकली जायची म्हणून एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2025 मध्ये त्या नावावरच बंदी घातली.

घरात कोणीतरी म्हणणारच की नुसत्या मीठ-साखरेच्या पाण्याने काय होणार, सरळ सलाईन लावा. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजलं. जिथे शंभरातले वीस-तीस जात होते, तिथे मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. आतडं बिघडलेलं असलं तरी ग्लुकोजसोबत मीठ आत शोषलं जातं आणि मिठामागून पाणी. साखर चवीसाठी घातलेली नसते, म्हणून ती वाढवायचीही नाही.

इथवर सोपं आहे. घोळ होतो तो पुढे, पाजताना.

उलटी झाली की मुलाला प्रचंड तहान लागते. ते 'पाणी, पाणी' करतं, आईबापाचा जीव तुटतो आणि पेला तोंडाला लागतो. मूल घटाघटा पितं. चिडलेलं पोट एकदम ताणलं जातं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर. मग निष्कर्ष निघतो, 'याला ओआरएस पचतच नाही', आणि पाजणं बंद. वास्तविक पाणी बरोबर असतं, वेग चुकलेला असतो.

असं करा. उलटी झाल्यावर 10 मिनिटं काहीही देऊ नका. घड्याळात बघून 10. रडणाऱ्या मुलासमोर दोन मिनिटंसुद्धा दहासारखी वाटतात. मग औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या मापाच्या चमच्याने 5 मिली द्या. दोन मिनिटांनी पुन्हा 5 मिली. हे एवढंसं वाटतं, पण हिशोब करा: दोन मिनिटांना 5 म्हणजे तासाला 150 मिली, आणि 10 किलोच्या मुलासाठी ते काही कमी नाही. मध्येच थोडी उलटी झाली तरी जे पडतं ते पोटात गेलेल्यापेक्षा बहुतेक वेळा कमीच असतं. पुन्हा 10 मिनिटं थांबा आणि त्याच वेगाने सुरू करा. उलटी न होता तास गेला तर चमच्याऐवजी लहान घोट. पेला शेवटी, तोही अर्धाच भरलेला.

चमचा धरायचीही रीत आहे. मुलाला मांडीवर टेकवून बसवा, डोकं उचललेलं हवं. चमचा गालाच्या आतल्या बाजूला लावून कलता करा. जिभेच्या मागे ओतलंत तर उबळ येते, आडवं निजवून पाजलंत तर ठसका लागतो. नाक दाबून पाजणं हा तर छळ आहे. एकदा केलंत की मूल चमचा बघूनच तोंड मिटतं. चमचा नको असेल तर बिनसुईची 5 मिलीची सिरिंज वापरा, दट्ट्या थोडा थोडा दाबा.

पेला हवा म्हणून हटून बसलेल्या मुलाला कामाला लावा. बाहुलीला एक चमचा, तुला एक. किंवा घड्याळाचा काटा दाखवा, दोन खुणा पुढे गेला की तुझी पाळी. भरलेला पेला नजरेच्या टप्प्यातच ठेवू नका. आणि पाजणारं माणूस एकच ठेवा. दया येऊन चोरून पेला देणारा काका किंवा आजी तासाभराची मेहनत घालवते. चव नको म्हणालं तर ओआरएस फ्रिजमध्ये गार करा, साखर किंवा सरबत मिसळू नका. गंमत म्हणजे ज्याच्या अंगातलं पाणी खरंच कमी झालंय ते मूल हे खारट पाणी आवडीने पितं.

उलट्या थांबल्यावर प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आत 50 ते 100 मिली, त्यापुढे 100 ते 200 मिली.

मूल झोपलं तर कुशीवर झोपवा, गालाखाली टॉवेल. झोपेत तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

अंगावरचं दूध चालूच ठेवा. उपाशी ठेवायची पद्धत आता सोडा. तीन-चार तासांत भूक लागली तर मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, दही, केळं. शीची जागा पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, खोबरेल लावा. दर्जेदार डायपर असेल तर शू झाली की नाही ते कळत नाही, म्हणून या दिवसांत दुपटंच बरं.

दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, त्याने काही बिघडत नाही. जायफळ उगाळून मात्र देऊ नका: मूल गुंगतं आणि ती गुंगी जायफळाची की पाणी कमी झाल्याची हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलांना चालत नाहीत. 'दात येतायत म्हणून होतंय' म्हणून थांबूही नका. झिंकच्या (जस्ताच्या) गोळ्या डॉक्टर किंवा आशाताई देतात, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिग्रॅ, 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करा. बहुतेक घरांत उरलेल्या कपाटात पडून असतात.

रात्र असो की पहाट, यातलं काहीही दिसलं तर निघा: सहा तासांत शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल किंवा उठवूनही नीट जागं होत नाही, शीत रक्त, उलटी हिरवी, किंवा चमचा-चमचा देऊनही दोन-तीन तास काहीच टिकत नाही. एक परीक्षा घरीही करता येते. बेंबीच्या बाजूची पोटाची कातडी अंगठा आणि तर्जनीत उभी धरा आणि सोडा. ती लगेच सपाट व्हायला हवी. हळूहळू बसत असेल तर वाट बघू नका. दवाखान्याच्या वाटेवरही चमचा चालू ठेवा, मूल शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर.

घरी दुसरं मूल असेल तर शी-उलटी साफ केल्यावर साबणाने हात धुवा, नखांच्या कडाही. सॅनिटायझरवर भागवू नका; पोटाच्या साथीतले काही विषाणू त्याला जुमानत नाहीत. खराब कपडे बाकीच्या धुण्यात मिसळू नका, आधी वेगळे खळबळून काढा.