पेटीतला आंबा गेलाय की नुसता सुरकुतलाय?

मे महिन्यात आमच्याकडे रोज सकाळी हा वाद ठरलेला, आई हापूसची पेटी उघडते, एखादा सुरकुतलेला आंबा वर धरून म्हणते "हा गेला", आणि मी म्हणते थांब गं, आधी वास तरी घे. कारण सालीला सुरकुत्या म्हणजे आंबा खराब असं अजिबात नाही, नीट तयार होऊन पिकलेल्या हापूसची साल थोडी सैल पडतेच आणि असाच आंबा बरेचदा सगळ्यात गोड निघतो. (साल सुरकुतलीये आणि वर आंबा दगडासारखा कडक, तर मात्र तो कोवळा उतरवलेला असणार. खराब नाही, पण आंबटढाण. त्याचं पन्हंच करा.)

वास घ्यायचा तो देठाकडे. तिथे गोड घमघमाट असेल तर काही बघू नका, कापा. आंबूस, दारूसारखा झणझणीत वास आला तर आतून आंबलाय, मग वरून कितीही केशरी दिसू दे. देठाजवळ काळपट ओला गोल असेल आणि अंगठा टेकवला की आत जात असेल तर तो कुजायला लागलाय, ही कूज देठाकडून खाली उतरत जाते.

काळे ठिपके बघून घाबरू नका, ठिपक्यावर बोट फिरवा. खालचा भाग बाकी आंब्याइतकाच घट्ट असेल तर डाग नुसता सालीवर आहे. बोट खाली गेलं तर तेवढा भाग मोठा काढून बाकीचा चाखून बघायचा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर मात्र अख्खा आंबा टाका, मऊ फळात ती दिसते त्यापेक्षा आत गेलेली असते. टाचणी टोचल्यासारखं भोक आणि भोवती मऊ, तर फळमाशी, आत अळ्या वळवळताना दिसतील.

साका, म्हणजे आतला गर बिघडण्याचा दोष, मात्र बाहेरून कुणालाच कळत नाही, विकणाऱ्यालाही नाही. आंबा कापल्यावर कोयीजवळ फिकट, स्पंजासारखा आंबट गर दिसतो. तेवढा काढून टाकायचा, कडेचा चांगला गर खुशाल खा.

आणि एक, कच्चा आंबा फ्रीजमध्ये कोंबू नका. साधारण 13 अंशांच्या खाली तो धड पिकतच नाही, साल काळवंडते आणि चव पाणचट. पेंढ्यात पिकू दे, मग ठेवा फ्रीजमध्ये, चार-पाच दिवस आरामात राहतो.

आमरस करताना प्रत्येक आंबा आधी छोट्या वाटीत पिळायचा, चाखायचा, मगच पातेल्यात. मी एकदा पाहुणे यायच्या घाईत डझनभर आंबे डायरेक्ट पातेल्यात पिळले, त्यात एक आंबलेला निघाला, आणि त्या दिवशी पाहुण्यांना पुरीबरोबर बटाट्याची भाजी मिळाली.