छोट्या टाकीत मासे निवडताना या चुका टाळा

गोव्यात चवथ म्हणजे गणेशचतुर्थी जवळ आली की घराला रंग लागतो, गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायच्या माटोळीचं सामान जमू लागतं आणि त्याच धांदलीत कुणीतरी दोन फुटी माशांची टाकी उचलून आणतो. गणपतीच्या बाजूला निळ्या उजेडात ती दिसतेही छान. पंधरा दिवसांनी मला फोन येतो, "काका, रोज एक मासा मरतोय." कुठले मासे आहेत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "सगळ्यांची एकेक जोडी घेतली."

ही जोडीची सवय आधी सोडा. मासा एकटा नको म्हणून दोन घेतले, यात माया आहे, पण टेट्रा, रासबोरा, बार्ब, कोरी हे जोडीने नव्हे, थव्याने जगतात. सहापेक्षा कमी असले की भेदरून कोपऱ्यात बसतात, रंगही उडतो. टायगर बार्बचं तर विचारूच नका. आठ-दहा असले तर एकमेकांच्या मागे धावण्यात त्यांचा दिवस जातो. दोनच असले तर एक दुसऱ्याला छळतो आणि उरलेल्या वेळात गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. पाच जातींची एकेक जोडी घेण्यापेक्षा एकाच जातीचे आठ घ्या, टाकी जास्त देखणी दिसते.

दुसरी चूक मी डिचोलीला आत्येभावाच्या घरी पाहिली. त्याने बारा निऑन टेट्रा आणले आणि सोबत दोन एंजल मासे, पाच रुपयांच्या नाण्याएवढे. दुकानात सांगितलं होतं, "दोन्ही शांत, आरामात राहतात." दिवाळीपर्यंत राहिलेही. मग वहिनी खाद्य टाकताना मोजायची ते निऑन अकरा झाले, नऊ झाले, सात झाले. मेलेला मासा कुठेच नाही. संशय घरच्या मांजरावर गेला. झाकणावर जांभ्या दगडाचा चिरा ठेवायचाच काय तो बाकी होता.

शिगम्याला, म्हणजे होळीच्या दिवसांत, मी तिथे मुक्कामाला होतो. रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो आणि दिवा लावला. टाकीत एंजल स्थिर उभा होता आणि त्याच्या तोंडातून निऑनची अर्धी शेपटी बाहेर आलेली, अजून हलत होती. तोवर एंजल तळहाताएवढे झाले होते. अंधारात निऑन सुस्तावून एका जागी तरंगतात, तेव्हा त्यांना टिपणं सोपं. यात एंजलचा दोष काहीच नाही. ॲमेझॉनच्या पाण्यात लहान टेट्रा हे त्याचं अन्नच आहे. सकाळी मी दोन्ही एंजल बादलीत घालून घरी नेले. वहिनीचे चार निऑन वाचले.

दुकानात दिसतो तो मासा बहुतेक वेळा पिल्लू असतो. एंजल सहा इंचांपर्यंत वाढतो, निऑन दीड इंचाच्या आसपास थांबतो. मी आजही नवा मासा घेण्याआधी त्याच्या पूर्ण वाढीएवढी कागदाची पट्टी कापतो आणि टाकीच्या काचेवर धरून बघतो. पट्टी धरल्यावर किती तरी बेत आपोआप रद्द होतात. लहान मासा मोठ्याच्या तोंडात मावत असेल तर ती जोडी जमणार नाही, मग दुकानदार काहीही सांगो.

गोल्डफिश थंड पाण्याचा, घाण भरपूर करणारा मासा आहे. दोन फुटी टाकीत त्याला आणू नका. फायटर नराला गप्पीसोबत ठेवू नका, गप्पीची रुंद शेपटी त्याला प्रतिस्पर्ध्याची वाटते.

पाण्याकडे मात्र कुणी बघत नाही. आपल्या चिऱ्याच्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ म्हणजे कमी क्षारांचं, थोडं आम्ल असतं. टेट्रा आणि रासबोरा त्यात खूश. मॉली मात्र जागच्या जागी थरथरू लागते, कारण तिला जड, जास्त क्षारांचं पाणी लागतं. गप्पी, मॉली, प्लॅटी पाळायचे असतील तर पाणी जड व्हावं म्हणून मी तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून फिल्टरमध्ये ठेवतो. पण मग त्याच टाकीत टेट्रा नकोत. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढणारे थेंब घातल्याशिवाय मासा सोडू नका.

आपल्याकडे हीटर विकत घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तीस अंशांवर जातं आणि निऑनला सव्वीसच्या वर त्रास होतो. मी झाकणाच्या जागी जाळी लावून वर पंखा सोडतो. दमट हवेमुळे फरक एक-दोन अंशांचाच पडतो, पण तेवढाही कामाचा. उन्हाळ्याची धास्ती असेल तर निऑनऐवजी कार्डिनल टेट्रा घ्या, त्याला उष्णता जास्त सोसते.

आणि घाई. आज टाकी, आज मासे, हे करणाऱ्यांना मी आता रागावतोच. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. चवथीला टाकी हवी असेल तर श्रावण लागताच पाणी भरा, फिल्टर चालू ठेवा, मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाका, ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. जिवाणू रुजले की आठ हार्लेक्विन रासबोरा सोडा, दोन आठवड्यांनी सहा कोरी, सगळ्यांत शेवटी एक हनी गुरामी. दोन फुटी टाकीत बाहेरून मोजलं तर छप्पन्न लिटर पाणी बसतं, वाळू-दगड गेले की पंचेचाळीस-पन्नास. याहून जास्त मासे मी तरी घालत नाही. कोरीला खाली बारीक वाळू द्या, धारदार खडीने तिच्या मिशा झिजतात.

राहिला सकर, काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा. "टाकी साफ ठेवतो" म्हणून तो गळ्यात मारतात. दोन वर्षांत तो फुटाच्या घरात जातो, शेवाळापेक्षा विष्ठाच जास्त करतो आणि मग लोक त्याला ओहोळात नाहीतर विहिरीत सोडतात. केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगालच्या पाण्यात हा परका मासा आधीच पसरला आहे. नकोसा झाला तर दुकानात परत द्या, मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. आमच्या मळ्यातल्या ओहोळात आणि भातशेतीच्या पाटात अजून पट्ट्यांचे छोटे पिको मासे पोहताना दिसतात. तिथे सकर सोडू नका.